कोय कोणाच्या ताटात?

गोंदिया जिल्ह्याची पूर्व आणि दक्षिण बाजू अजून जंगलाला लागून आहे. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत धानाच्या जोडीने रानमेव्यावर वर्ष निघतं. मार्च-एप्रिलला मोहफुलं, उन्हाळ्यात चार आणि टेंभरं, पाऊस तोंडावर आला की जांभूळ, दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळ, थंडीत आवळा. पूर्वी हे फळ पाटीतून आठवडी बाजारात जायचं आणि सांज झाली की मिळेल त्या भावाने सुटायचं. आता विदर्भात ठिकठिकाणी बायकांचे बचत गट जांभळाचा, सीताफळाचा गर काढून गोठवून विकण्याच्या वाटेला लागले आहेत. गर काढायच्या यंत्राला दोन तोंडं असतात. एकातून गर येतो, दुसऱ्यातून साल, बी आणि चोथा. त्या दुसऱ्या तोंडाखालच्या टोपल्याचं काय करायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जगभर त्याचं एक उत्तर सध्या जोरात आहे. चोथा वाळवा, दळा, पिठात मिसळा आणि पौष्टिक अन्न म्हणून बाजारात आणा. उत्तर वाईट नाही. पण कुपोषणाची चर्चा जिथे रोजची आहे त्या जिल्ह्यात ते फार लवकर अंगणवाडीच्या दारात जाऊन उभं राहतं. म्हणून मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. दोघंही कल्पित. भाचा अन्नतंत्रज्ञान शिकून जिल्ह्यात परतलेला, गटांना प्रक्रिया शिकवणारा. मावशी अंगणवाडीची निवृत्त मुख्य सेविका; देवरी भागातल्या गावांत मुलांची वजनं घेण्यात तिची नोकरी गेली. त्यांचे युक्तिवाद मात्र कल्पित नाहीत.

भाचा : मावशी, रानातलं जांभूळ बारीक असतं. गर थोडा, बीच मोठी. बाई पहाटे झाडाखाली जाते, वेचते, डोक्यावर पाटी घेऊन येते आणि त्या पाटीतला मोठा हिस्सा आम्ही गटाच्या प्रक्रिया केंद्रामागच्या खड्ड्यात ओततो. दोन दिवसांत आंबलेला वास आणि माश्या. गरासोबत जो जांभळा रंग विकला जातो ना, तो रंग जास्त करून सालीत असतो. अँथोसायनिन म्हणतात त्याला. तेच आम्ही फेकतो.

मावशी : मग नका फेकू. मी कुठं फेका म्हणते? दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरातली आहे मी. फणसाच्या आठळ्या उकडून खाल्ल्या, चिंचोके भाजून खाल्ले.

भाचा : तेच तर! हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. आपल्याच रानातली चारोळी घे. चाराचं फळ मुलं झाडाखालीच चोखून टाकतात. दगडासारखं कवच फोडलं की आतला दाणा निघतो, तो बासुंदीवर पडतो. फळापेक्षा बी महाग. कोकणात कोकमाच्या सालीचं आमसूल झालं की बिया टाकत नाहीत, त्यांचं कोकम तेल काढतात. भेगाळलेल्या टाचांना पिढ्यान्‌पिढ्या तेच लावलं. चिंचोक्याचं पीठ कापडाच्या खळीला गेलं. संत्र्या-मोसंबीच्या सालीतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून पेक्टिन निघतं, जॅम घट्ट होतो तो त्याच्यावर. आणि युरोपीय संघाचा २००० सालचा चॉकलेटचा नियम आहे: कोकोच्या लोण्याखेरीज दुसरं वनस्पती तूप ५ टक्क्यांपर्यंत चालतं, तेही सहाच झाडांचं. त्या सहांत साल आहे, कोकम आहे आणि आंब्याची कोय आहे. आपल्या उकिरड्यावरची कोय ब्रुसेल्सच्या कायद्यात बसली, मावशी.

मावशी : बसू दे. तिथं कोयीचं तूप खाणाऱ्याच्या ताटात बाकी सगळं आहे. मला सांग, तू हे पीठ कोणाला खाऊ घालणार?

भाच्याने इथे जे सांगितलं ते अशा प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात असतं. जांभळाच्या चोथ्याची भुकटी नाचणीच्या किंवा गव्हाच्या पिठात, बिस्किटात, लाडूत. आंब्याच्या कोयीच्या गराचं पीठ, कारण त्यात पिष्टमय पदार्थ तर आहेतच, शिवाय स्निग्ध भाग आणि थोडी प्रथिनंही. मग पहिला ग्राहक म्हणून अंगणवाडी, शाळा, आश्रमशाळा. मागणी ठरलेली, गटाला काम, मुलांना पोषण, कचरा शून्य. कागदावर यात खोट दिसत नाही.

मावशी : कोयीचं बोलूया. तुला काशीपूर ठाऊक आहे?

भाचा : ओडिशातलं?

मावशी : रायगडा जिल्ह्यातलं. २००१ सालचा पावसाळा. घरातलं धान्य संपलं, लोकांनी साठवलेल्या कोयींची पेज केली. माणसं मेली. सरकार म्हणालं कोयीची विषबाधा, कार्यकर्ते म्हणाले भूकबळी. दोघंही बरोबर होते असं मी मानते. धान्य असतं तर बुरशीची कोय कोणी शिजवली असती? त्याच वर्षी देशाची सरकारी गोदामं भरून ओसंडत होती. अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी गेला आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं, शाळेत शिजवलेलं गरम जेवण द्या. आणि बाबू, हे जुनं झालं म्हणू नकोस. २०२४ मध्ये कंधमालमध्ये पुन्हा तेच झालं, कोयीची पेज खाऊन बायका दगावल्या.

भाचा : पण मावशी, त्यात दोष कोयीचा नव्हता. ओलसर साठवण, त्यावर बुरशी. कोय ओडिशात आणि छत्तीसगडात कितीतरी पिढ्या खाल्ली जाते. भिजवतात, पाणी बदलतात, तुरटपणा काढतात, कडक वाळवतात. तंत्र नव्हतं किंवा मोडलं होतं म्हणून घात झाला. म्हणून तर मी म्हणतो की हे काम झोपडीच्या आढ्यावरून काढून केंद्रात आणू. वाळवणी नीट, ओलाव्याचं मोजमाप, प्रत्येक घाणीची तपासणी.

मावशी : घाणी म्हणजे?

भाचा : एका वेळी दळलेला माल.

मावशी : हां. मग मला जून महिन्याचं सांग. जांभूळ पिकतं तेव्हा गोंदियात आभाळ कसं असतं?

हा प्रश्न साधा आहे आणि सगळ्या योजनेचा जीव त्यात अडकला आहे. जांभळाचा हंगाम आणि मोसमी पावसाचं आगमन एकाच पंधरवड्यात येतं. आंब्याच्या कोयींचा ढीगही त्याच सुमाराला पडतो. हवेतच पाणी असताना उन्हात टाकलेला चोथा वाळत नाही, आंबतो. वरून कोरडा आणि आतून दमट राहिला तर पोत्यात बुरशी धरतो. अॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि घरच्या शिजवण्याने ते जात नाही. बुरशी झटकली, पीठ चाळलं, भाकरी खरपूस भाजली, तरी विष राहतं. यकृतावर त्याचा मारा असतो आणि लहान मुलाला ते अधिक बाधतं.

भाचा : म्हणून उन्हावर अवलंबून राहायचंच नाही. सोलर ड्रायर जूनमध्ये कामाचा नाही, मान्य. पण गोंदिया म्हणजे राइस मिलची नगरी. धानाचा भुसा इथे ढिगाने आहे. भुशावर चालणारी भट्टी लावायची, धूर मालाला लागू द्यायचा नाही, फक्त गरम हवा आत सोडायची. पन्नास ते साठ अंशांवर चोथा वाळवला तर रंगही बराचसा टिकतो आणि ओलावा दहा टक्क्यांच्या खाली येतो. बियांना वेगळं वाळवायचं, त्यांना वेळ जास्त लागतो. यंत्राला पैसे आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्र सरकारची योजना २०२० पासून आहे, ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. गटातल्या बाईला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. वाळलेल्या जांभूळ बिया तर वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीतही आहेत. म्हणजे सरकारने त्या बीला माल मानलंय, फक्त आम्ही तिला खड्ड्यात टाकतो.

मावशी : भुशाची भट्टी मला पटली. हे इथलं आहे, इथं जमेल. पण तू अजून माझ्या प्रश्नाला आला नाहीस. माल चांगला वाळला, विष नाही, असं धरू. तो कोण खाणार?

भाचा : मुलं, गरोदर बायका. ज्यांना गरज आहे ती माणसं.

मावशी : कशाची गरज? मी ज्या मुलांची वजनं घेतली त्यांचं पोट एवढंसं असतं. दोन वर्षांचं पोर चार घासांत थांबतं. त्या चार घासांत मला तेल पाहिजे, अंडं पाहिजे, डाळ पाहिजे, दूध मिळालं तर दूध. तू त्यात साल आणि चोथा घालतोस. चोथा म्हणजे तंतू. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. शहरातल्या सुटलेल्या पोटाच्या माणसाला तोच चोथा औषधासारखा. माझ्या पोराला तो जागा अडवणारा.

भाचा : थोडा तंतू मुलांनाही लागतो.

मावशी : तो त्यांना भाजीतून, डाळीतून, जाड्या तांदळातून मिळतो. कमी कशाची पडते ते बघ ना. आणि बायकांचं ऐक. इथल्या बायकांत, पोरींत रक्ताची कमी हे पहिलं दुखणं. जांभळाची बी तुरट काहून लागते?

भाचा : टॅनिनमुळे.

मावशी : आणि टॅनिन जेवणातल्या लोहाचं काय करतं, ते तूच शिकलास.

भाचा गप्प बसतो, कारण उत्तर त्याला ठाऊक आहे. धान्यातलं, पालेभाजीतलं लोह मुळातच शरीराला कमी मिळतं. टॅनिन त्याला बांधून ठेवतं आणि जे मिळायचं तेही घटतं. म्हणून जेवणावर लगेच चहा घेऊ नका असं आरोग्यसेविका सांगतात. जांभूळ लोहाने भरलेलं आहे असं सर्रास म्हटलं जातं, जांभळ्या रंगामुळे ते खरंही वाटतं. फळाच्या गरातलं लोह प्रत्यक्षात बेताचंच असतं. अशा स्थितीत जांभूळ बीची भुकटी मिसळलेलं बिस्कीट रक्त कमी असलेल्या मुलीला ‘पौष्टिक’ म्हणून रोज देणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. वर हा सिकलसेलचा पट्टा आहे; इथे लोहाचं मिश्रण सरसकट सगळ्यांच्या पिठात ओतण्याआधीही डॉक्टरला विचारावं लागतं. पोषण हा पदार्थाचा गुण असतो तितकाच तो खाणाऱ्याच्या शरीराचाही प्रश्न असतो. माझं या सगळ्या विषयातलं मत एवढ्यावर उभं आहे. आधी खाणारा ठरवा, मग पदार्थ.

भाचा : ठीक. बीची भुकटी मुलांसाठी नाही. ती शहरात जाईल. मधुमेहाचे रोगी जांभूळ बीचं चूर्ण शोधतच असतात. नागपूर इथून लांब नाही, मुंबईची गाडी गोंदियावरून जाते.

मावशी : विका. पण पाकिटावर काय लिहाल?

भाचा : गटातल्या बायका म्हणतात, ‘साखर आटोक्यात आणते’ असं लिहू.

मावशी : लिहू नका. १९५४ चा कायदा आहे, औषधांच्या आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरचा. ज्या रोगांवर इलाज करतो म्हणून जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेह आहे. आणि कायदा बाजूला ठेव. एखाद्याने तुमच्या पाकिटावर भरवसा ठेवून गोळी बंद केली तर? त्यात काय आहे, कुठल्या रानातलं आहे, कधी वाळवलं, एवढं लिहा. प्रामाणिक पाकिटालाही गिऱ्हाईक मिळतं.

भाचा : मग सीताफळ? दिवाळीला आभाळ मोकळं असतं, वाळवणीचा प्रश्न नाही.

मावशी : सीताफळाच्या बिया? बाबू, आमच्या लहानपणी त्या कुटून उवांसाठी डोक्याला लावायच्या. डोळ्यात गेलं तर डोळा जायची भीती.

भाचा : त्या खायच्या नाहीतच, ते मी गटाला पहिल्या दिवशी सांगतो. गर काढताना बी फुटली तर गर कडू होतो, आणि त्यातली द्रव्यं विषारी आहेत. यंत्राचे ब्रश मऊ लागतात. त्या बियांचं फवारणीचं औषध होऊ शकतं, शेतावर. ताटात नाही. मोहाच्या टोरीचंही, म्हणजे बीचंही, तसंच. तेल काढा, खा; पण पेंडीत सॅपोनिन असतं, ती माशांना मारते. गुरांनाही ती थेट घालता येत नाही.

मावशी : हे तू बोललास ते मला आवडलं. उरलं म्हणून सगळं अन्न होत नाही.

इथे मला एक जुनी कथा सांगितली पाहिजे, कारण तिच्यात दोघांच्याही बाजू आहेत. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली सुरू झाली. धान्याच्या टंचाईचे दिवस होते. तेल काढल्यावर उरणारं शेंगदाण्याचं पीठ प्रथिनांनी भरलेलं असतं. संस्थेने ते तीन भाग आणि हरभऱ्याचं पीठ एक भाग घेऊन, जीवनसत्त्वं आणि क्षार घालून बहुउद्देशीय अन्न तयार केलं. उरलेल्या पदार्थातून मुलांचं पोषण ही कल्पना आपल्या देशात इतकी जुनी आहे, आणि ती खाणाऱ्याची गरज पाहून रचलेली होती. प्रथिनं कमी होती, प्रथिनं दिली. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेत घेत लोक त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपाशी पोहोचले आणि अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं. त्यानंतर शेंगदाण्याच्या पिठाकडे कोणालाच पूर्वीच्या भरवशाने पाहता आलं नाही. कल्पना टाकून द्यावी लागली नाही, पण तपासणीशिवाय तिला पुढे पाऊल टाकता येईना.

भाचा : आणि दुसरी बाजूही सांग ना. टाकलेल्या वस्तूने माणसं वाचवली, तीही आपल्याच पिकात. जावामध्ये एक डच डॉक्टर होता, आइकमन. १८९० च्या दशकातली गोष्ट. पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले, बेरीबेरीच्या रोग्यांसारखे. पॉलिश न केलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. जीव होता तो गिरणीने काढून टाकलेल्या कोंड्यात. ब-१ जीवनसत्त्व. १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. गोंदियाच्या गिरण्यांमधून रोज किती कोंडा निघत असेल?

मावशी : हे मात्र माझ्या मनातलं बोललास. हातसडीच्या तांदळात तो कोंडा आपण खातच होतो. गिरणी आली, तांदूळ पांढरा झाला, कोंडा तेलाच्या कारखान्याला गेला. आता त्या पांढऱ्या तांदळात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ घातलेले दाणे मिसळून रेशनला देतात.

भाचा : पण कोंडा तसाच खाता येत नाही. तांदळापासून सुटला की त्यातलं एंझाइम तेलावर काम सुरू करतं, काही तासांत तो खवट व्हायला लागतो. लगेच गरम करावा लागतो.

मावशी : म्हणून तर म्हणते, जे सुटायलाच नको होतं ते सोडवू नका. कमी पॉलिशचा तांदूळ द्या. गर काढायच्या यंत्रालाही हाच नियम लाव. जांभळाची साल गरासोबतच बारीक झाली तर चोथा उरतो कशाला?

भाचा : थोडी तुरट चव येते. गिऱ्हाईकाला गुळगुळीत गर लागतो.

मावशी : गिऱ्हाईकाला शिकवा. साल आत ठेवा, टोपलं निम्मं हलकं होईल.

मला वाटतं, या वादात सर्वांत कामाचं वाक्य हेच आहे. उरलेल्याचं काय करू हे विचारण्याआधी इतकं उरतं कशाला, हे विचारायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा घरांचा होता. देवरीच्या बचत गटाच्या खड्ड्यात त्यातलं फारसं काही नाही.

भाचा : आवळ्याचं काय म्हणशील?

मावशी : आवळा मला दे. जितका देशील तितका. आवळा कँडी करता तेव्हा पाक उरतो ना?

भाचा : उरतो. फोडी पाकात मुरल्या की फोडीतलं बरंच काही पाकात उतरतं. क जीवनसत्त्वसुद्धा. पुढच्या खेपेला एकदोनदा वापरतो, मग काळसर होतो म्हणून टाकतो.

मावशी : काळा होण्याआधी थांबा. त्याचं सरबत करा, चटणीत घाला. क जीवनसत्त्व जेवणातल्या लोहाला पोटात शिरायला मदत करतं. तुझी जांभूळ बी अडवते, आवळा वाट करून देतो. गरोदर बाई वरण-भात आणि पालेभाजी खाते आहे, शेजारी आवळ्याची चटणी. हे अन्न झालं. अमृत आहार योजनेत २०१५ पासून आदिवासी गावांतल्या गरोदर आणि स्तनदा बायकांना एक वेळचं चौरस जेवण अंगणवाडीत शिजवून मिळायला लागलं. त्या ताटात चटणी बसते. पाकिटातली भुकटी बसत नाही. घरी न्यायचा कोरडा आहार पाकिटातून वाटला तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. पोरांना चव आवडली नाही, कितीतरी घरांत तो गुरांपुढे गेला. आईला तोंडात घालून बघावंसं वाटत नाही ते लेकरू खात नाही.

भाचा : म्हणजे पदार्थ गटातल्या बायका आधी स्वतःच्या घरी खातात का, ते बघायचं.

मावशी : विकत घेऊन खातात का, ते बघायचं. फुकट मिळालं तर बिचाऱ्या नाही म्हणत नाहीत.

एक तिसरा पक्ष या बैठकीला बोलावलेलाच नाही, तो जंगलात आहे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पण जांभूळ, मोह, बोर, चार यांच्यावर जगणारा तिथला मोठा प्राणी अस्वल. फळाला भाव आला की झाडाखालचं शेवटचं फळही उचललं जातं. जांभळाची बी फार नाजूक असते. वाळली की उगवत नाही, गळून दोन-तीन आठवडे गेले की तिची उगवण झपाट्याने घटते. वर्षानुवर्षं सगळ्या बिया भट्टीत गेल्या तर तीस वर्षांनी वेचायला झाड कुठलं? वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना हे ठरवता येतं. किती वेचायचं, किती झाडाखाली ठेवायचं, हा त्यांचा अधिकार आहे.

मावशी : तुझ्या टोपल्यातली बी ताजी असते. धुवून, दुसऱ्याच दिवशी पिशवीत लाव. जूनचाच महिना, पाऊस आहे. रोपवाटिका कर. ग्रामसभेला रोपं दे, वनविभागाला विक. एका बीचं पीठ चिमूटभर होतं, झाड किती वर्षं फळ देतं?

भाचा : सगळ्या बियांची रोपं कोण घेणार, मावशी? पोत्यांनी निघतात त्या.

मावशी : सगळ्यांची नको. आधी रोपांना लागतील तेवढ्या, मग उरलेल्या भट्टीत.

भाचा : हा क्रम मला चालेल. आणि पैशाचा क्रम? बाई फळ किलोवर विकते. गराला भाव मिळाला, चोथ्याला मिळाला, बीला मिळाला, तो सगळा केंद्राचा. वेचणारीला तोच किलोचा दर. हे मला खटकतं. बी विकली गेली तर तिचा वाटा फळ आणणारीच्या खात्यावर जावा, असं मी गटापुढे मांडणार आहे. लिहिताना जड जाईल, कोणी किती फळ दिलं ते ठेवावं लागेल.

मावशी : वजनाचं पुस्तक तर ठेवताच. त्यात एक रकाना वाढव.

यावर दोघांचं जमलं. जमलं नाही ते कोयीवर. भाच्याचं म्हणणं, सुरक्षित कोयीचं पीठ करून दाखवल्याशिवाय लोक घरी धोक्याची पेज करतच राहतील. केंद्राने योग्य रीत शिकवली तर एखादं काशीपूर टळेल. मावशीचं म्हणणं, दर खेपेच्या मालाची अफ्लाटॉक्सिन तपासणी प्रयोगशाळेत झाल्याशिवाय कोयीचा एक कणही अंगणवाडीत येता कामा नये. भाचा म्हणतो, लहान गटाच्या मालापेक्षा तपासणीचा खर्च जास्त होईल. मावशी म्हणते, मग तो खर्च जिल्ह्याने उचलावा, नाहीतर कोयीचं तूप काढून साबणाला आणि चॉकलेटला विकावं.

माझं मत मावशीच्या बाजूने जातं, पण अर्धंच. मुलांच्या ताटाबद्दल तिचा शब्द शेवटचा असावा. मात्र घरोघरी आढ्यावर ठेवलेल्या कोयींकडे पाठ फिरवून चालणार नाही. जिथे जिथे कोय खाल्ली जाते तिथे ती भिजवण्याची, वाळवण्याची, काळी पडलेली बाजूला काढण्याची रीत पावसाळ्याआधी सांगितली गेली पाहिजे, आणि रेशन वेळेवर आलं पाहिजे म्हणजे ती खाण्याची वेळच येणार नाही. तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी हवी, आणि ती एकट्या जांभूळ-कोयीसाठी नव्हे. धान, शेंगदाणा, मिरची, सगळ्यांसाठी उपयोगी पडेल. राइस मिलच्या जिल्ह्यात धान्याच्या ओलाव्याचं मोजमाप करणारी यंत्रं आणि ती वापरणारी माणसं आहेतच. काम तिथून सुरू करता येईल.

भाचा : येत्या हंगामात मग असं करतो. साल गरातच ठेवायची, चाळणी मोठी. ताज्या बियांतल्या रोपांना लागतील त्या वेगळ्या. भट्टीचा अर्ज दिवाळीआधी टाकतो, म्हणजे जूनपर्यंत उभी राहील. आवळ्याच्या पाकाची चटणी या थंडीतच.

मावशी : चटणी तिखट नको करू. गरोदर बायकांना जळजळ होते. आणि मीठ बेताने.